जुने इलेक्ट्रिक फुटबॉल गेम जमवताय? या चुका टाळा

पार्सल उघडले की पहिला हात प्लगकडे जातो. जुन्या इलेक्ट्रिक फुटबॉलचे सगळ्यात जास्त नुकसान या एका सवयीने होते, म्हणून आधी तिच्याबद्दल, आणि सविस्तर.

खेळ नवा असलेल्यांसाठी थोडक्यात: हा अमेरिकन फुटबॉलचा टेबलावरचा खेळ. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या ट्यूडर मेटल प्रॉडक्ट्सने तो १९४९ मध्ये बाजारात आणला. कल्पना कंपनीतल्या नॉर्मन सास यांची. थरथरत्या पत्र्यावर मोटारी पळवायचा एक खेळ ही कंपनी आधीपासून बनवत होती. सास यांनी तशाच पत्र्यावर अकरा-अकरा खेळाडूंचे दोन संघ उभे केले. मैदानाच्या पत्र्याखाली एक कॉइल, म्हणजे तारेची गुंडाळी असते. तिला घरातली एसी वीज मिळाली की ती लोखंडी पट्टी ओढते-सोडते, पत्रा थरथरतो आणि प्लास्टिकच्या बेसखालचे बारीक तिरपे पाय खेळाडूला पुढे सरकवतात. अमेरिकेत वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झ, म्हणजे दर आवर्तनाला दोन, असे सेकंदाला १२० झटके. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ, म्हणजे १०० झटके. भारतात बसून हे गेम जमवणाऱ्यांची निम्मी दुखणी या आकड्यांमध्येच आहेत.

पुण्यातल्या एका संग्राहकाचे उदाहरण बघा. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी सामानातून ट्यूडरचा ६२० नंबरचा एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) गेम आणला. खोक्यासकट, सगळे खेळाडू जागेवर, पत्र्यावर ओरखडा नाही. दोन चपट्या पिनांचा प्लग आपल्या बोर्डात बसेना, म्हणून दुकानातून साठ-सत्तर रुपयांचा अ‍ॅडाप्टर आणला. तो फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. बटण दाबताच खेळाडू उड्या मारत पत्र्याबाहेर पडले, सगळे हसले, आणि मिनिटभरात वार्निश जळल्याचा वास आला. कॉइल गेली. पुढे त्यांनी ती मोटार वाइंडिंगवाल्याकडे दिली. त्याने जुनी तार सोडवताना वेढे मोजले नाहीत, अंदाजाने भरली, आणि नवी कॉइल दहा मिनिटांत हात लावता येणार नाही इतकी तापू लागली. साठ वर्षे टिकलेली वस्तू एका संध्याकाळी गेली आणि ती तशी परत मिळालेली नाही.

हे टाळायला ट्रान्सफॉर्मर लागतो, पण कुठलाही चालत नाही. प्रवासात नेतात ते हलके कन्व्हर्टर बहुधा इस्त्री किंवा हेअर ड्रायरसाठी असतात. कॉइलला ते लावू नयेत. व्होल्टेज उतरवणारा स्वस्त स्टेपडाउन बहुतेक ऑटोट्रान्सफॉर्मर असतो. त्यात आत-बाहेरच्या वाइंडिंगचा थेट संबंध असतो, म्हणजे प्लग उलटा बसला तर गेमच्या वायरवर जमिनीच्या तुलनेत पूर्ण २३० व्होल्ट येऊ शकतात. मैदान पत्र्याचे आहे आणि मुले त्यावर हात ठेवून खेळतात, हे विसरू नका. वेगळ्या वाइंडिंगचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घ्या. १०० व्हीए क्षमतेचा भरपूर झाला. आउटपुट ११० किंवा १२० ऐवजी १०० व्होल्टचे करून घ्या. कारण साधे आहे: ५० हर्ट्‌झवर कॉइलचा विरोध कमी होतो, त्यामुळे त्याच व्होल्टेजला ती जास्त करंट ओढते आणि तापते. १२० ला ६० ने भागून ५० ने गुणले की १०० येतात. गेमच्या बाजूला अर्ध्या अँपिअरचा फ्यूज टाका. दहा मिनिटे खेळ, मग तेवढीच विश्रांती.

ट्रान्सफॉर्मर आला तरी प्लग लगेच नाही. आधी मैदान उलटे करा. त्या काळातली रबरी वायर कडक होऊन तडकते, विशेषतः ती जिथून पत्र्याच्या आत शिरते तिथे. बोटांनी हलके वाकवून बघा. तडा दिसला तर वायर बदला, जुनी मात्र प्लगसकट पिशवीत घालून जपा. मग मल्टिमीटर घ्या. प्लगच्या दोन पिनांमध्ये, गेमचा स्विच चालू ठेवून, कंटिन्युइटी, म्हणजे विजेला अखंड वाट मिळाली पाहिजे. नसेल तर कॉइल तुटलेली किंवा स्विच खराब. प्रत्येक पिन आणि मैदानाचा उघडा धातू यांच्यात मात्र काहीही दिसता कामा नये. प्रोब रंगावर टेकवू नका, स्क्रूवर टेकवा. जवळपास मेगर (इन्सुलेशन तपासायचे यंत्र) असेल तर ५०० व्होल्टवर तपासा. २ मेगाओमच्या खाली असेल तर तो गेम प्लगजवळ नेऊ नका. हे सगळे करायला अर्धा तास लागतो. ज्यांना अर्धा तास जड वाटतो त्यांनी नवीन गेम विकत घ्यावा, जुन्याला हात लावू नये.

दुसरी चूक खेळाडू रंगवण्याची. तिचा मला मनापासून राग येतो.

ट्यूडरला एनएफएलचा परवाना १९६७ मध्ये मिळाला. त्याआधी तो न्यूयॉर्कच्याच गॉथम प्रेस्ड स्टील या प्रतिस्पर्धी कंपनीकडे होता, १९६१ पासून. ट्यूडरने एनएफएलचे संघ त्यांच्या खऱ्या गणवेशांच्या रंगात आणले, चपट्या आकृत्यांसारखे नाही तर घडीव, आणि नंबर वेगळ्या कागदावर चिकटवायला दिले. कारखान्यात हाताने लावलेला तो रंग, बाहेर गेलेली एखादी रेघ, हेल्मेटवरचा जाड थेंब, हेच त्या काळाचे खरे दस्तऐवज आहेत. नवशिक्याला मात्र तो ‘खराब रंग’ दिसतो. मग थिनर, मग अ‍ॅक्रिलिक, मग ‘रिस्टोर केला’ म्हणून फोटो. थिनरने कारखान्याचा रंग निघतो आणि काही प्लास्टिक मऊही पडते. रंगवलेला संघ खेळायला चांगला असेल, पण संग्रहात त्याची किंमत उरत नाही, आणि जे निघाले ते परत लावता येत नाही. रंगवायची हौस असेल तर आजचे नवे कोरे खेळाडू मिळतात, त्यांच्यावर करा. जुन्याची धूळ कोरड्या, मऊ मेकअप ब्रशने काढा. रंग सुटत असेल तर तेवढेही नको. जुने नंबर सुटले असतील तर कागदात ठेवा, फेव्हिक्विक लावू नका; त्याच्या वाफेने पांढरा थर बसतो.

पत्रा पुसायला कॉलिन, स्पिरिट, भांड्यांची घासणी, काहीच नको. छापील रंग उडतो. ओल्या, पिळलेल्या सुती फडक्यावर सौम्य साबणाचा एक थेंब, आधी कोपऱ्यात करून बघा, लगेच कोरडे पुसा. तेलाचा किंवा सिलिकॉनचा स्प्रे मारून ‘खेळाडू जोरात पळतात’ असे सांगणारे भेटतील. पळत नाहीत, घसरतात, आणि तेलावर धूळ बसून पायांना चिकटते.

तारखांच्या बाबतीत विक्रेत्यावर विश्वास ठेवू नका. ‘पन्नासच्या दशकातला दुर्मीळ’ असे लिहिलेल्या खोक्यावरचा पत्ता वाचा. शहराच्या नावानंतर एक-दोन आकडी टपाल झोन असेल तर छपाई १९६३ च्या आधीची असण्याची शक्यता मोठी. पाच आकडी झिप कोड (अमेरिकेचा पिन कोड) असेल तर १९६३ च्या आधीची नाहीच, कारण झिप कोड त्या वर्षी सुरू झाले. संघांची नावेही बोलतात. अटलांटा फाल्कन्स आणि मायामी डॉल्फिन्स १९६६ पासून, न्यू ऑर्लिन्स सेंट्स १९६७, सिनसिनाटी बेंगल्स १९६८, टँपा बे आणि सिॲटल १९७६. खोक्यावर ‘बोस्टन पेट्रियट्स’ असेल तर तो १९७१ च्या आधीचा, कारण त्या वर्षी संघ न्यू इंग्लंड झाला. ‘बाल्टिमोर कोल्ट्स’ १९८४ मध्ये इंडियानापोलिसला गेले. आणि खोका खरा असला म्हणजे आतले सगळे त्याचेच असे नाही. गॉथमच्या खोक्यात ट्यूडरचे खेळाडू भरून विकणे नवीन नाही, म्हणून खोका, मैदान आणि बेस या तिन्हींवरचे नाव जुळवून बघा.

पैसे देण्याआधी मैदानाच्या खालच्या बाजूचा फोटो मागा. तो द्यायला टाळाटाळ झाली तर सोडून द्या.

गेम चालतो पण नीट चालत नाही, अशा वेळी लोक लगेच पक्कड घेऊन बेसचे पाय वाकवतात. जुने प्लास्टिक ठिसूळ असते, पाय मोडतो. आधी कारण शोधा. सगळे खेळाडू एकाच बाजूला सरकत असतील तर टेबल तिरपे आहे. पाणसळ ठेवून बघा आणि कोपऱ्याखाली कागदाच्या घड्या सरकवा. सगळे एकाच जागी गोळा होत असतील तर तिथे पत्रा दबलेला आहे. एकटाच गोल फिरत असेल तर दोष त्याच्या बेसमध्ये, आणि बहुधा पायात अडकलेल्या केसाचा. आवाज खडखडीत आणि वेग कमी असेल तर चौकटीचे स्क्रू सैल. कंपन कमी-जास्त करायचा स्क्रू किंवा नॉब शेवटी, आणि एका वेळी पाव फेराच. भारतात आणलेल्या प्रत्येक गेमला तो नव्याने लावावाच लागतो, कारण मैदान १२० झटक्यांसाठी जुळवलेले असते. खेळायला आजचे नवे बेस वापरावेत, मूळ बेस वेगळे ठेवावेत. जुना खेळाडू बेसमधून स्क्रूड्रायव्हरने उचकटू नये.

साठवणीत तीन गोष्टी. रबर बँड नको, तो वितळून रंगाला चिकटतो. मऊ पीव्हीसीच्या पिशव्या नकोत, त्यातले रसायन रंगात उतरते. साधी पॉलिथिन पिशवी चालते. पत्र्याच्या माळ्यावर तर मुळीच नको, उन्हाळ्यात पाय वाकतात आणि पावसाळ्यात मैदानाला कडेने गंज धरतो. कोकणात आणि मुंबईत सिलिका जेलच्या पुड्या जून ते सप्टेंबर महिन्याला बदला.

प्रवासात खेळाडू मैदानावर सुटे ठेवून खोका बंद करू नका. बेसच्या पायांनी छपाईवर शेकडो बारीक रेघा उठतात. खेळाडू वेगळ्या डब्यात, गोलपोस्ट काढून, आणि फेल्टचा तो इवलासा चेंडू लहान झिप पिशवीत, पिशवीवर नाव लिहून. सगळ्यात जास्त हरवतो तो चेंडू.