नेटशिवाय उघडणारा चाचणी-अहवाल: नव्याने शिकणाऱ्यांसाठी

ब्राउझरच्या स्वयंचलित चाचण्या लिहिता येऊ लागल्या की पुढे प्रश्न उरतो तो फसलेली चाचणी दुसऱ्याला दाखवण्याचा. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी पावसाळ्यात वीज गेली की थोड्या वेळाने मोबाइलचा टॉवरही मान टाकतो, आणि माझे अहवाल पाहणारे बहुतेक जण कृषी सेवा केंद्रांचे चालक आहेत, ज्यांच्या बिलांचे सॉफ्टवेअर मी तपासते. त्यांना पेनड्राइव्हवरून देता येईल आणि दोनदा क्लिक करताच उघडेल अशी एकच एचटीएमएल फाइल हवी होती. ‘एक छोटा सर्व्हर चालवायला सांग’ हा सल्ला मला अनेकदा मिळाला. ज्यांचे नेट कधी जात नाही अशा मार्गदर्शकांचे या बाबतीत ऐकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नुसते पडद्याचे चित्रीकरण जोडणे हीसुद्धा पळवाटच, कारण त्यात पानाची रचना तपासता येत नाही.

मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये आणलेल्या प्लेराइट या ब्राउझर-चाचणीच्या साधनाचा ट्रेस व्ह्यूअर (चाचणीतली प्रत्येक पायरी पुन्हा दाखवणारा भाग) उत्तम आहे, परंतु तो सर्व्हिस वर्करवर (ब्राउझरमध्ये पानामागे चालणाऱ्या स्क्रिप्टवर) अवलंबून असतो आणि डिस्कवरून थेट उघडलेल्या पानात सर्व्हिस वर्कर चालत नाही. अशा पानाला शेजारची जेसन फाइलसुद्धा (जेसन म्हणजे माहिती मजकुराच्या रूपात साठवण्याची पद्धत) क्रोम वाचू देत नाही. म्हणून मी आरआरवेब हे पानावरच्या घडामोडी नोंदवून पुन्हा दाखवणारे साधन वापरते: ते आरंभी संपूर्ण पानाची नोंद घेते, पुढे केवळ बदल वेळेसह टिपते, आणि हा सगळा मजकूर प्लेअरसह (नोंदी पुन्हा चालवून दाखवणाऱ्या भागासह) एकाच फाइलमध्ये कोंबता येतो.

खरा सापळा या कोंबण्यात आहे. नोंदींचा जेसन स्क्रिप्ट टॅगमध्ये ठेवला आणि त्यात सर्व्हरने पाठवलेले एखादे पान जसेच्या तसे असले, तर त्या पानातला स्क्रिप्ट बंद करणारा टॅग तुमचाच टॅग बंद करतो. ब्राउझरचा एचटीएमएल पार्सर, म्हणजे एचटीएमएल वाचून पान उभे करणारा भाग, जेसनची अवतरणचिन्हे जाणत नाही. त्याला तो टॅग दिसला की स्क्रिप्ट संपली. उरलेला जेसन पडद्यावर अक्षरांच्या ढिगासारखा सांडतो. छळणारी गोष्ट ही, की साध्या पानांचे अहवाल नीट उघडतात, त्यामुळे संशय प्लेअरवर जातो. केवळ बंद करणारा टॅग शोधून बदलणेही पुरेसे नाही, कारण एचटीएमएल टिप्पणीची सुरुवात आणि तिच्यामागे उघडणारा स्क्रिप्ट टॅग आला तर उलटे घडते आणि तुमचा खरा बंद करणारा टॅगच दुर्लक्षिला जातो. उपाय एकच: प्रत्येक उघडणाऱ्या कोनी कंसाऐवजी बॅकस्लॅश, यू, शून्य शून्य तीन, सी असे लिहावे. जेसनमध्ये हा कंस अवतरणांतील मजकुरातच येऊ शकतो, म्हणून अर्थ बदलत नाही. हे एका ओळीचे काम आहे. घाबरण्याचे कारण नाही.

फाइल फुगली तर आधी गझिपने दाबून लहान करावी आणि मग बेस६४ (बाइट साध्या अक्षरांत लिहिण्याची पद्धत) करावे, कारण बेस६४ने आकार सुमारे एक-तृतीयांशाने वाढतो. उलगडताना मिळतात ते बाइट. ते टेक्स्टडीकोडरमधून (बाइटांची अक्षरे करणाऱ्या ब्राउझरच्या सोयीतून) नेले नाहीत तर मराठी नावांचा चुथडा होतो.

अहवाल देण्यापूर्वी वाय-फाय बंद करून तो दुसऱ्या संगणकावर उघडावा. आरआरवेब चित्रांचे मूळ पत्तेच ठेवते, त्यामुळे रिकाम्या चौकटी तेव्हाच दिसतात. पासवर्डचे रकाने ते आपणहून झाकते, इतर रकाने मात्र झाकत नाही. शेतकऱ्याचा आधार क्रमांक पेनड्राइव्हवरून गावभर फिरू नये यासाठी सर्व रकाने झाकण्याचा पर्याय तुम्हालाच सुरू करावा लागेल.