मोडी कागदांच्या फोटोंना नावं कशी द्यायची

दफ्तरखान्याची परवानगी हातात आहे, मोबाईल चार्ज आहे, हे धरून चालतो.

रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) सोडला की पहिला फोटो चिठ्ठीचा. कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात रुमालाचा नंबर लिहायचा नि त्याचा फोटो काढायचा, मगच कागद, आणि रुमाल बांधताना परत तीच चिठ्ठी. घरी आल्यावर सगळे फोटो 'मूळ' फोल्डरमध्ये टाका, त्याला हात लावू नका, काम कॉपीवर.

आता नाव. इथे मी दोन वर्षं घोळ घातलाय. जो तो सांगतो की फाईलच्या नावात तारीख घाला, वर्ष-महिना-दिवस अशी. मुलाखतींच्या रेकॉर्डिंगला ते अगदी बरोबर आहे, पण मोडी कागदाला नाही! कागदावर असतं 'इसन्ने सबैन मया व अलफ', म्हणजे शुहूर सन (जुन्या मराठी कागदांवरची अरबी आकड्यांची वर्षगणना) ११७२. हा सन मृगाला बदलतो, त्यामुळे मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून ६००, म्हणजे एकच सन १७७१ पण आणि १७७२ पण. त्यात कित्येक पत्रांवर नुसता चंद्र, म्हणजे मुसलमानी महिना नि त्याचा दिवस असतो, सनच नाही. मी अंदाजाने वर्ष ठरवून नावात घालायचो, पुढे मजकूर नीट लागला की वर्ष चुकलेलं निघायचं, मग नाव बदला, आणि प्रकरणाच्या तळटीपांत जुनंच नाव राहिलेलं. असल्या तळटीपा दुरुस्त करण्यात माझी अख्खी मे महिन्याची सुट्टी गेली.

म्हणून नावात कधीच बदलणार नाही तेवढंच ठेवा: रु०४२_का०१७_१. रुमाल, कागद, आणि बाजू. पोटाला १, पाठीला २. पुढची शून्यं गाळू नका, नाहीतर बऱ्याच ठिकाणी १० नंबर २ च्या आधी लागतो. तिरकी रेघ विंडोज घेतच नाही, तिथे खालची रेघ वापरा. विषयही नावात नको, एका पत्रात कर्ज, लग्न आणि स्वारी तिन्ही असतं.

बाकी सगळं एक्सेलमध्ये: कागदावरची तारीख जशीच्या तशी एका रकान्यात, तुम्ही काढलेली इसवी तारीख दुसऱ्यात, शंका असेल तर प्रश्नचिन्हासकट.

मेसेजिंग ॲपवरून फोटो पाठवू नका, नाव बदलतं आणि फोटो दाबला जाऊन बारीक फराटे पुसट होतात.

मधेच सुटलेला कागद सापडला तर तो १७क. पुढचे नंबर सरकवू नका.