हायब्रिड रोलर कोस्टरविषयी वाद कसा घालावा

हायब्रिड म्हणजे लाकूड आणि पोलाद दोन्ही वापरलेला कोस्टर; तो लाकडी की पोलादी, या वादात उतरण्यापूर्वी सांगाड्याकडे न पाहता रुळाकडे पाहावे, कारण कोस्टरचा प्रकार सहसा रुळावरून ठरतो, खांबांवरून नव्हे. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडमधील 1927 सालच्या सायक्लोनचे खांब पोलादी आहेत, तरी तो लाकडी कोस्टरच मानला जातो. उलट अमेरिकेतील सीडर पॉइंट या मनोरंजन उद्यानातील 1978 सालच्या जेमिनी कोस्टरचा सांगाडा लाकडी असून रूळ पोलादी आहेत. हायब्रिड ही कालपरवाची कल्पना नाही, एवढे मान्य केले तरी बरीच हुज्जत मिटते.

मग रुळाचा छेद समजून घ्यावा. पारंपरिक लाकडी रुळात फळ्यांचे थर एकावर एक बसवून वर पोलादाची पातळ पट्टी जोडलेली असते; चाकांच्या माऱ्याने आणि हवामानाने हे थर सैल होतात व गाडी खडखडू लागते. यावर उपाय म्हणून रॉकी माउंटन कन्स्ट्रक्शन या कोस्टर बांधणाऱ्या कंपनीने 2011 मध्ये टेक्सास जायंट या कोस्टरच्या जुन्या लाकडी सांगाड्यावर नवा पोलादी रूळ चढवला. असा रूळ कारखान्यात हवा तसा पिळता येतो, म्हणूनच सीडर पॉइंटमधील मीन स्ट्रीक या लाकडी कोस्टरचा याच पद्धतीने 2018 मध्ये स्टील व्हेन्जन्स झाल्यावर त्यात गाडी चार वेळा उलटी होऊ लागली.

खडखडाटाला सरसकट दोष म्हणू नये. लाकडाचे किंचित लवचणे, हीच अनेकांना त्या फेरीची गोडी वाटते. प्रतिपक्षाला मात्र तो कुठे बसला होता, हे जरूर विचारावे: चाकांवरच्या आसनावर हादरे अधिक जाणवतात.