पेपर परत आल्यावर काय करायचं

पीएच.डी.ला नव्याने लागलेल्या मुलामुलींना मी सुरुवातीलाच सांगून ठेवते की जर्नलला (संशोधन-नियतकालिकाला) पाठवलेला तुमचा पहिला संशोधन-पेपर बहुधा नाकारून परत येणार. घाबरवायला नाही सांगत. आधी सांगितलं नाही, तर तो परत आला की मुलं आठ-आठ दिवस लॅबमध्ये फिरकत नाहीत, घरी नीट बोलत नाहीत, आणि 'संशोधन आपलं कामच नव्हे' इथवर पोचतात. एका ईमेलपायी हुशार पोरं अशी खचलेली मी पाहिली आहेत, म्हणून हे लिहिते आहे.

माझा विषय मृदाशास्त्र. पीएच.डी.चा प्रयोग हरभऱ्यावर होता. आपल्याकडच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत घातलेला स्फुरद (फॉस्फरस) कॅल्शियमशी बांधला जातो आणि पिकाला पुरेसा मिळत नाही. स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंची बीजप्रक्रिया केली तर खताची मात्रा कमी करता येईल का, एवढाच प्रश्न. पहिल्या रब्बीत निकाल झकास आला. शिफारशीच्या 75 टक्के स्फुरद अधिक जिवाणू, आणि उत्पादन पूर्ण मात्रेच्या बरोबरीचं. पेपर लिहिला, पाठवला, आणि काही महिन्यांनी नकार आला.

पेपर तपासणारे तज्ज्ञ, म्हणजे रिव्ह्यूअर, दोन होते. पहिल्याचं म्हणणं एका ओळीचं: एका हंगामाच्या आकड्यांवरून शिफारस करता येत नाही. दुसऱ्याने विचारलं होतं, प्रयोगाआधी जमिनीत उपलब्ध स्फुरद किती होता? शिवाय भाषेबद्दल एक खोचक वाक्य. मला तेव्हा सगळ्यात जास्त लागलं ते तेच खोचक वाक्य, आणि पुढे सगळ्यात कमी उपयोगाचं ठरलं तेही तेच. नवख्या माणसाचं हमखास असंच होतं. पत्रातला टोचणारा शब्द लक्षात राहतो आणि कामाची ओळ नजरेतून निसटते.

म्हणून पहिला नियम: पत्र एकदा वाचा आणि बंद करा. त्या दिवशी एडिटरला उत्तर लिहू नका, गाइडला रात्री अकराला फोन करू नका. वाईट वाटतं, वाटू द्या. वर्षभर उन्हातान्हात प्लॉटवर राबल्यावर वाईट वाटणारच. दोन दिवसांनी पत्राची प्रिंट काढा आणि प्रत्येक आक्षेप वेगळा करून वहीत उतरवा. डावीकडे रिव्ह्यूअरचं वाक्य जसंच्या तसं, उजवीकडे आपण काय करू शकतो ते.

असं उतरवलं की आक्षेपांची जात कळते. काही नुसतं नीट लिहिल्याने मिटतात. दुसऱ्या रिव्ह्यूअरचा प्रश्न असाच होता. आम्ही ऑल्सेन पद्धतीने (अशा जमिनीतला उपलब्ध स्फुरद मोजायची नेहमीची पद्धत) स्फुरद मोजला होता, आकडा पेपरातही होता, पण जमिनीच्या लांबलचक तक्त्यात तळाशी. 'रिव्ह्यूअरने वाचलंच नाही' असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण ज्या आकड्यावर सगळा प्रयोग उभा आहे तो वाचणाऱ्याला शोधावा लागत असेल, तर तो वर आणायला हवा. आणला. काही आक्षेपांना आकडेमोड पुन्हा करावी लागते, त्यात दोन-चार दिवस जातात. आणि काही आक्षेप असे असतात की शेतात पुन्हा उतरल्याशिवाय त्यांना उत्तर नसतं.

पहिल्या रिव्ह्यूअरचा आक्षेप तसा होता. माझे गाइड सर म्हणाले, "दुसऱ्या जर्नलला असाच पाठवला तर कदाचित लागेलही. पण तो बरोबर बोलतोय." पुढच्या रब्बीत तोच प्रयोग तसाच पुन्हा लावला. त्या वर्षी परतीचा पाऊस जेमतेम झाला, हरभरा ओलाव्याला तरसला, आणि जिवाणूंचा फायदा पहिल्या वर्षीच्या मानाने अगदीच कमी दिसला. पूर्ण मात्रेचे प्लॉट स्पष्ट पुढे होते. दोन्ही हंगाम शेजारी ठेवल्यावर पेपरचा विषयच बदलला: जिवाणू चालतात का, यापेक्षा जमिनीत ओल किती असताना चालतात. नंतर छापून आला तो हा पेपर. पहिलाच छापला गेला असता, तर कोरडवाहू शेतकऱ्याला 'पाव स्फुरद कमी घाला' सांगणारा कागद माझ्या नावावर राहिला असता. त्या रिव्ह्यूअरचं नाव मला कधी कळणार नाही, पण त्याचे उपकार मी मानते.

नकाराने काम सुधारल्याचं सगळ्यात मोठं उदाहरण भौतिकशास्त्रातलं आहे. 1964 साली एडिनबर्गच्या पीटर हिग्ज यांचा, कणांना वस्तुमान कसं मिळतं यावरचा, एक छोटा पेपर 'फिजिक्स लेटर्स'ने नाकारला. हिग्ज यांनी त्यात भर घातली, या सिद्धान्तातून वस्तुमान असलेला एक नवा कण निघतो हे स्पष्ट लिहिलं, आणि 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'ला पाठवलं. त्याच वर्षी तो छापला गेला. कण जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत सापडल्याचं 2012 साली जाहीर झालं, 2013 साली नोबेल मिळालं. आपण काही हिग्ज नाही, पण ज्या भागासाठी तो पेपर आज ओळखला जातो तो नकारानंतर लिहिलेला आहे, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

नकाराचे प्रकारही समजून घ्या. चार-आठ दिवसांत आलेला नकार बहुतेक वेळा एडिटरच्या टेबलावरचा असतो. विषय त्या जर्नलच्या स्कोपमध्ये बसत नाही, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. त्यावर रडू नका, जर्नलचे मागचे दोन-तीन अंक चाळा आणि योग्य ठिकाण शोधा. 'मेजर रिव्हिजन', म्हणजे मोठ्या दुरुस्त्या करून पुन्हा पाठवा, हा तर नकार नव्हेच. ते पत्र नकार समजून मुलं पेपर फायलीत टाकून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. दिलेल्या मुदतीत मुद्देसूद उत्तर द्या, एखादा मुद्दा पटला नाही तर कारण आणि आकडे देऊन सभ्य शब्दांत तसं लिहा. एडिटर ते मान्य करतात, मी करून घेतलेलं आहे.

नाकारलेला पेपर जसाच्या तसा दुसरीकडे पाठवू नका. आपलं क्षेत्र लहान असतं, तोच पेपर पुन्हा त्याच रिव्ह्यूअरकडे जाऊ शकतो. आणि एकाच वेळी दोन जर्नलला तर कधीच नाही.

सगळ्यात जपून राहायचं ते नकारानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात. मन हळवं असतं, फेलोशिपची मुदत डोक्यावर असते, आणि नेमकी तेव्हाच इनबॉक्समध्ये 'फी भरा, आठवड्यात छापतो' म्हणणारी पत्रं दिसायला लागतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांत पीएच.डी.साठी पेपरची सक्ती राहिलेली नाही, पण अनेक विद्यापीठांच्या स्वतःच्या अटी आहेतच, त्यामुळे घाई होते हे मला कळतं. तरीही तिथे जाऊ नका. शेतीतल्या जर्नलचं नास रेटिंग (राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमी जर्नलांना देते ते गुण) बघा, संपादक मंडळातली माणसं खरोखर त्या विषयातली आहेत का बघा, सीनिअरला विचारा.

सीनिअरकडे आणखी एक गोष्ट मागा: त्यांची नकाराची पत्रं. छापलेले पेपर सगळेच दाखवतात. आमच्या लॅबमध्ये परत आलेल्या पेपरांची फाइल उघड्या कपाटात असते, त्यात माझी पत्रं सगळ्यात वर आहेत, आणि नवीन मुलं प्लॉटची आखणी करायच्या आधी ती वाचतात. मागच्या बॅचच्या एका मुलीने ती वाचून दुसऱ्या हंगामाचं बियाणं पहिल्याच वर्षी मागून ठेवलं.