‘नंबर मॅचिंग’ ऐकून भुलू नका: जुनी मसल कार तपासताना या चुका टाळा

तीन वर्षांपूर्वी ओहायोतल्या एका गॅरेजात मी १९६९ च्या केशरी शेव्हरोले कॅमारो झेड/२८ या मसल कारपुढे, म्हणजे ताकदवान इंजिनाच्या जुन्या अमेरिकी गाडीपुढे, उभा होतो. पांढरे पट्टे, दारांच्या फटी सुतात, बॉनेटखाली इतकं लख्ख की ताट मांडून जेवायला बसावं. विक्रेता पुन्हा पुन्हा एकच पालुपद आळवत होता, "नंबर मॅचिंग आहे, सगळं नंबर मॅचिंग!" म्हणजे इंजिन वगैरे मुख्य भाग या गाडीचे मूळचेच, आणि त्यांचे नंबर गाडीच्या नंबरशी जुळतात. माझ्यासोबत एक मित्र होता. मूळचा पिंपरीचा, आता डेट्रॉइटजवळ नोकरीला, आणि शनिवार-रविवार ग्रीसमध्ये हात. त्याने काही न बोलता खिशातून टॉर्च, जुनं फडकं आणि दंतवैद्याकडे असतो तसला छोटा आरसा काढला.

या इंजिनाचा नंबर पुढच्या बाजूला, उजव्या सिलिंडर हेडच्या अगदी पुढे, दोन बोटं रुंदीच्या सपाट पट्टीवर ठोकलेला असतो. अल्टरनेटरच्या अडचणीमुळे तो सरळ दिसत नाही, वाकून बघावा लागतो. मित्राने फडक्याने तेल पुसलं. अक्षरं दिसली: व्ही०५०९डीझेड. व्ही म्हणजे फ्लिंटचा इंजिन कारखाना, ०५०९ म्हणजे ९ मे, आणि डीझेड म्हणजे झेड/२८ चं ३०२ घनइंची इंजिन. शेजारी गाडीच्या व्हिनचा, म्हणजे कारखान्याने दिलेल्या ओळख क्रमांकाचा, तुकडाही होता, गाडीशी अगदी जुळणारा. मी खूश. मित्र मात्र फायरवॉलवरची, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या भिंतीवरची, पत्र्याची पाटी बघायला गेला. तिच्यावर बॉडीची तारीख होती ०२बी, म्हणजे फेब्रुवारीचा दुसरा आठवडा.

गाडी फेब्रुवारीतली आणि तिचं ‘मूळ’ इंजिन मेमधलं. बारसं आधी, बाळ नंतर!

या एका गाडीत मी करण्यासारख्या बहुतेक चुका करून बसलो होतो. पैसे वाचले ते मित्रामुळे. त्या चुका आता लिहून ठेवतो.

नंबर वाचला, पण धातू वाचला नाही

आपल्याकडे आरटीओत चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासतात, तो छाप फॉर्मला चिकटवतात आणि काम संपतं. तीच सवय इथे नडते. आकडा जुळला की आपण निर्धास्त. पण आकडे ठोकायचे पंच कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. ठोकणं सोपं आहे, अवघड आहे ती खालची जमीन.

शेव्हरोलेच्या कारखान्यात ती पट्टी ब्रोचिंग यंत्राने तासली जायची. त्यामुळे तिच्यावर इंजिनाच्या लांबीच्या दिशेने जाणाऱ्या केसासारख्या बारीक समांतर रेघा राहतात. मूळ नंबर त्या रेघांवर ठोकलेला असतो. कुणी जुना नंबर घासून काढला की रेघा जातात आणि ग्राइंडरचे गोल ओरखडे उरतात, किंवा पट्टी आरशासारखी गुळगुळीत होते. ओहायोच्या गाडीत रेघा होत्या, पण आडव्या, आणि दोन ठिकाणी मध्येच तुटलेल्या. सँडपेपरने काढलेल्या असाव्यात.

मात्र रेघा नाहीत म्हणजे फसवणूकच, असंही धरू नका. इंजिन दुरुस्तीत ब्लॉकचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव भागाचा, वरचा भाग तासला, तर नंबर प्रामाणिकपणेही जातो. पट्टीवर ‘सीई’ अशी अक्षरं दिसली, तर तो वॉरंटीत बदलून मिळालेला ब्लॉक असू शकतो. अशा गाडीचा मालक ते सरळ सांगतो आणि किंमतही त्याप्रमाणे लावतो. संशय घ्यायचा तो नंबर नाही म्हणून नव्हे, तर नको तिथे नको तितका चोख नंबर आहे म्हणून.

ब्लॉकवर ओतकामाची तारीखही असते: एक अक्षर महिन्याचं, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. आधी ओतकाम, मग इंजिनाची जुळणी, मग गाडी, हा क्रम कधी उलटत नाही. कागदावर तिन्ही तारखा एकाखाली एक लिहा. दोन मिनिटांचं काम आहे आणि खोट्या गाड्यांपैकी आळशी खोट्या तिथेच गळतात.

एका कंपनीचा नियम दुसरीला लावणं

ही माझ्या मते सगळ्यात महागडी चूक. घर घेताना आपण सात-बारा बघतो की प्रॉपर्टी कार्ड, हे जागा कुठली यावर ठरतं. मसल कारचंही तसंच. आधी विचारायचं, ‘या गाडीबद्दल दावा नेमका काय आहे?’ आणि मग, ‘ही गोष्ट त्या कंपनीने त्या वर्षी कुठे नोंदवली होती?’

फोर्डवाले नशीबवान. १९६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांच्या उत्पादनाच्या नोंदी मार्टी ऑटो वर्क्सकडे आहेत. व्हिन द्या, पैसे भरा, गाडी कुठल्या रंगात, कुठल्या इंजिनासह, कुठल्या डीलरकडे गेली ते कळतं. शिवाय इंजिनाचं अक्षर व्हिनमध्येच असतं. १९६९ च्या मस्टँगमध्ये पाचव्या जागी ‘जी’ हे अक्षर असेल तर बॉस ३०२, ‘झेड’ असेल तर बॉस ४२९, या मस्टँगच्या खास ताकदवान आवृत्त्या. तिथे दुसरं अक्षर असलेली गाडी कुणी बॉस म्हणून विकत असेल, तर चहा पिऊन परत या.

पॉन्टियाकच्या नोंदींसाठी पीएचएस म्हणजे पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस. जीटीओ ही पॉन्टियाकची मसल कार घेताना याचं महत्त्व कळतं. १९६४ आणि १९६५ मध्ये जीटीओ हे स्वतंत्र मॉडेल नव्हतं, ते टेम्पेस्ट ल मान्सवर घेतलेलं पॅकेज होतं. त्यामुळे या दोन वर्षांचा व्हिन नुसतं ‘ल मान्स’ एवढंच सांगू शकतो. १९६६ पासून जीटीओचा व्हिन २४२ ने सुरू होतो. म्हणजे २४२ नसलेली १९६७ ची जीटीओ खोटी, पण २४२ नसलेली १९६५ ची जीटीओ अस्सल असू शकते. दोन वर्षांचा फरक आणि नियम उलटा.

शेव्हरोलेच्या शेव्हेलमध्ये वर्षं सरकली तसं उलट घडलं. १९६६ ते १९६८ एसएस ३९६ या तिच्या ताकदवान आवृत्तीला स्वतःची व्हिन मालिका होती, ती १३८ ने सुरू होते. १९६९ पासून एसएस पर्यायी पॅकेज झालं, आणि व्हिनवरून काहीच कळेनासं झालं. आज बाजारात १९७० च्या ज्या ‘एसएस ४५४’ फिरताहेत, त्यात बॅज लावून सजवलेल्या साध्या शेव्हेल मालिबू किती असतील, देव जाणे. शेव्हरोलेकडे अमेरिकेत विकलेल्या या काळातल्या गाड्यांच्या पर्यायांची नोंद मिळत नाही. कॅनडात विकलेल्या गाड्यांची मात्र जनरल मोटर्स कॅनडाकडून मिळते. म्हणून कॅनडातून आलेली कॅमारो किंवा शेव्हेल दिसली की मी दुप्पट लक्ष देतो.

क्रायस्लरच्या गाड्यांमध्ये, म्हणजे मोपारमध्ये, व्हिनचं पाचवं अक्षर इंजिन सांगतं. पण अक्षरांचा अर्थ वर्षानुसार बदलतो. १९६९ च्या प्लिमथ रोड रनरमध्ये ‘जे’ हे अक्षर म्हणजे ४२६ हेमी हे मोठं इंजिन. १९७० मध्ये हेमीचं अक्षर ‘आर’ झालं आणि ‘जे’ गेलं ३४० च्या तीन कार्ब्युरेटरवाल्या इंजिनाकडे. जुना तक्ता हाताशी धरून १९७० च्या ‘जे’ अक्षराच्या गाडीला हेमी समजणारा माणूस मी स्वतः पाहिलाय. तो मीच होतो, पण ते जाऊ दे.

कागद पिवळा म्हणून खरा

मोपारच्या १९६८ पासूनच्या गाड्यांसाठी कारखान्याचं दप्तर हाती लागत नाही. मग उरतात फेंडर टॅग, म्हणजे बॉनेटखाली फेंडरवर लावलेली कोडची पाटी, आणि ब्रॉडकास्ट शीट. ही शीट म्हणजे जुळणीच्या वेळी कामगारांसाठी छापलेला पर्यायांचा कागद. काम झालं की तो मागच्या सीटच्या स्प्रिंगमध्ये किंवा हाती येईल तिथे खोचला जायचा. जनरल मोटर्सच्या गाड्यांत तो कधी पेट्रोल टाकीच्या वर चिकटलेला सापडतो.

या कागदाची किंमत इतकी वाढलीय की नकली कागद छापून, चहाच्या पाण्यात बुडवून, वाळवून विकले जातात. खऱ्या कागदावर सीटच्या स्प्रिंगचा गंज उतरलेला असतो आणि तो घडीच्या रेषांशी जुळतो. कागद उलगडून पुन्हा घडी घाला आणि डाग एकमेकांवर येतात का ते पाहा. चहाचा डाग सगळीकडे सारखा पसरतो, गंज तसा पसरत नाही. आणि खरा कागद सापडला तरी त्यावरचा व्हिन वाचा. कामाच्या धांदलीत एका गाडीची शीट दुसरीत गेल्याचे प्रकार भरपूर आहेत. सीटखाली मिळालेला अस्सल कागद शेजारच्या गाडीचा निघाला की मालकाचा चेहरा बघवत नाही.

फेंडर टॅग आणि फायरवॉलच्या पाट्याही नव्या करून मिळतात. १९६९ च्या कॅमारोचा तर अख्खा बॉडी शेल आज नवाकोरा मिळतो. म्हणून डॅशवरच्या व्हिन पाटीवर थांबू नका. पाटीचे रिव्हेट बघा, जनरल मोटर्सच्या या काळातल्या गाड्यांत ते सहा पाकळ्यांच्या फुलासारखे असतात. मग लपलेले नंबर शोधा. मोपारमध्ये रेडिएटर सपोर्टवर, मस्टँगमध्ये फेंडरखालच्या आतल्या पत्र्यावर, कॅमारोत काउलच्या, म्हणजे पुढच्या काचेखालच्या भागाच्या, झाकणाखाली. विक्रेता फेंडर सोडवू देत नसेल तर त्याचंही कारण विचारा.

व्हिनवरून गाडीचा इतिहास देणाऱ्या कारफॅक्सचा अहवाल मागणाऱ्यांना एवढंच सांगतो, की १७ अंकी व्हिन १९८१ पासून सुरू झाले. त्याआधीच्या गाडीला तो अहवाल लागू पडत नाही.

एका खुणेवर निकाल

कॅमारोच्या पाटीवर एक्स३३ किंवा एक्स७७ असेल तर ती झेड/२८, हे आता सगळ्यांना पाठ झालंय. पण हे एक्स कोड फक्त ओहायोच्या नॉरवूड कारखान्यात वापरले. कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइस कारखान्याच्या गाड्यांवर ते नसतात. एक्स कोड नाही म्हणून अस्सल व्हॅन नाइस झेड/२८ नाकारणारे लोक आहेत, आणि एक्स कोड आहे म्हणून नवी पाटी लावलेली गाडी घेणारेही. १९६९ च्या झेड/२८ ला चार गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि पुढे डिस्क ब्रेक यायचेच, एअर कंडिशनर मिळतच नसे. डॅशमध्ये कारखान्याच्या एसीच्या जाळ्या असतील तर पाटी काय म्हणते याला अर्थ राहत नाही.

दुर्मिळतेचं गणित

‘फक्त ६९ बनल्या’ हे झेडएल१ कॅमारोबद्दल खरं आहे. ‘जगात एकच’ हे ऐकलं मात्र की मी घड्याळ बघतो. हिरवा रंग, एएम रेडिओ, विशिष्ट एक्सल, काळं छप्पर अशा चार-पाच अटी एकमेकींत मिसळल्या की कुठलीही गाडी जगात एकमेव ठरते. आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरचा, निळ्या दाराचा, डावीकडे तुळस असलेला फ्लॅटही एकच आहे. त्यासाठी कुणी दुप्पट भाव देत नाही.

इतिहास म्हणजे गोष्ट नव्हे

१९६८ च्या ‘बुलिट’ चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली मस्टँग जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातल्या मेकम कंपनीच्या लिलावात फीसकट ३७ लाख ४० हजार डॉलरला गेली. ती नव्याने रंगवलेली नव्हती, चकचकीत तर नव्हतीच. व्हिन होता ८आर०२एस१२५५५९: १९६८, सॅन होजे कारखाना, फास्टबॅक, ३९० इंजिन. गाडी १९७४ पासून एकाच कुटुंबाकडे होती, आणि १९७७ मध्ये मॅक्वीनने ती परत विकत मागण्यासाठी लिहिलेलं पत्रही त्यांच्याकडे होतं. कॅमेरे बसवण्यासाठी केलेल्या खुणा पत्र्यावर तशाच होत्या. आधीच्या नंबरची, १२५५५८ ची, तिची स्टंटसाठी वापरलेली जोडीदार २०१७ च्या सुमारास मेक्सिकोत बाहा कॅलिफोर्नियात मोडकळीला आलेली सापडली. तिच्यापासून दुसऱ्याच एका प्रसिद्ध मस्टँगची नक्कल बनवायची तयारी सुरू होती. व्हिन तपासला म्हणून ती वाचली.

म्हणून विक्रेता ‘आजोबांनी नवी घेतली होती’ म्हणाला की कागद मागा: डीलरचं बिल, विम्याची जुनी कार्डं, मागे तारीख छापलेले फोटो, ड्रॅग स्ट्रिपवरच्या (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या रस्त्यावरच्या) वेळेच्या चिठ्ठ्या. शेव्हरोलेसाठी वॉरंटी पुस्तिकेतली प्रोटेक्ट-ओ-प्लेट ही धातूची छोटी पाटी मिळाली तर सोनं, पण तीही नवी बनते, तेव्हा तिच्यावरची तारीख वरच्या तीन तारखांच्या रांगेत घालून बघा. मालकांच्या साखळीत सहा-सात वर्षांचं भोक असेल तर त्याच काळात इंजिन बदललेलं असण्याची शक्यता जास्त.

घेऊन झाली, आता शंका आलीय

आधी हात आवरा. नंबर ‘नीट करून देतो’ म्हणणाऱ्या गॅरेजपासून लांब राहा. व्हिन पाटी काढणं अमेरिकेत गंभीर गुन्हा ठरू शकतो. गंज काढायला पाटीजवळचा पत्रा कापायचा असेल तर राज्याचे नियम आधी विचारा. पट्टीवर रंग असेल तर तो वायर ब्रशने खरवडू नका, रेघा त्यानेच जातात. मऊ फडकं आणि रंग काढायचं द्रावण पुरतं. तिरप्या उजेडात फोटो काढा, सरळ फ्लॅशमध्ये रेघा दिसत नाहीत. मग ज्या कंपनीची नोंद मिळते तिथे अर्ज करा, आणि गाडी बघायला त्या मॉडेलचा माणूस बोलवा. सगळ्या गाड्या ओळखतो म्हणणारा नको.

ओहायोच्या त्या विक्रेत्याला मित्राने तारखांचं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "तेवढं कोण बघतं?" आठ महिन्यांनी तीच गाडी मला एका जाहिरातीत दिसली. केशरी रंग, पांढरे पट्टे. इंजिनाच्या पट्टीचा फोटो मात्र या वेळी नव्हता.