उन्हाळी भाजीपाला गादीवाफ्यावर: आधी विहीर पाहा, मग वाफे पाडा

संक्रांत सरली की उन्हाळी भाजीपाल्याची लगबग सुरू होते. बियाण्याच्या दुकानात गर्दी, रोपवाटिकेत नंबर, बेडमेकरवाल्याला फोनावर फोन. या घाईत दोन गोष्टी हमखास मागे पडतात. एप्रिल-मेमध्ये विहिरीत पाणी किती राहील याचा हिशेब कुणी करत नाही, आणि वाफा पाडला जातो तो पावसाळ्याच्या मापाने.

गादीवाफा, म्हणजे माती उचलून केलेला उंच वाफा, मुळात जादा पाण्याचा निचरा व्हावा म्हणून. खरिपात काळ्या जमिनीत एक फूट उंच वाफा शोभतो. उन्हाळ्यात तोच वाफा दोन्ही कडांनी तापतो आणि दुपारपर्यंत कोरडा पडतो. म्हणून आता उंची १५ सेंमी पुरे, फार भारी जमीन असेल तर २० सेंमी. माथा मात्र रुंद ठेवा, ९० सेंमीच्या खाली नको. मुरमाड हलकी जमीन किंवा कोकणातली जांभ्याची माती असेल तर गादीवाफ्याचा हट्टच धरू नका. तिथे सपाट वाफा किंवा वेलांसाठी आळी बरी. शेजाऱ्याने बेड केले म्हणून आपणही करायचे, यात पैसाही जातो आणि पाणीही.

आता पाण्याचा हिशेब. पाच फुटांवर एक वाफा धरला तर एकरात ठिबकची सुमारे २,७०० मीटर नळी बसते. ४० सेंमीवर ड्रिपर (नळीतून पाणी ठिबकते ती तोटी) म्हणजे साधारण ६,७५० ड्रिपर. ते ताशी २ लिटरचे असतील तर तासाला साडेतेरा हजार लिटर पाणी लागते. भर उन्हात, पीक पूर्ण वाढीत असताना रोज दीड तास ठिबक चालवावे लागले, तर एकराला दिवसाला वीस हजार लिटर झाले. गेल्या वर्षी एप्रिलअखेर तुमची मोटर किती वेळात हवा ओढायला लागत होती ते आठवा. दोनशे लिटरचा पिंप किती सेकंदांत भरतो ते घड्याळ लावून पाहा. दिवसाला दहा हजार लिटरच मिळणार असतील तर अर्धाच एकर करा. पोसलेला अर्धा एकर सुकलेल्या दोन एकरांपेक्षा जास्त माल देतो. थ्री फेज वीज रात्रपाळीची असेल तर साठवण टाकी हवीच, नाहीतर तारांबळ ठरलेली.

वाफे पाडताना वाफसा पाहा, म्हणजे जमीन ना चिखल ना कोरडी अशी आहे का ते. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडा. गोळा फुटून विखुरला तर वाफसा आहे. चपटा होऊन बसला तर चार दिवस थांबा. रोटाव्हेटर दोन-तीनदा फिरवून मातीचे पीठ करू नका. पहिल्याच पाण्याने त्यावर पापडी धरते आणि भेंडीचे कोंब आतल्या आत वाकतात. एकरी ८ ते १० टन शेणखत द्या, पण चांगले कुजलेले. कच्च्या खताबरोबर तण येते आणि मुळे खाणारी हुमणी अळीही.

नळी अंथरल्यावर लगेच बी टोकू नका. आधी ठिबक तीन-चार तास चालवून ओलीचा पट्टा पाहा. दोन ड्रिपरमधली ओल एकमेकींना मिळाली पाहिजे. ती मिळत नसेल तर रोपे एकसारखी वाढणार नाहीत, मग खते कितीही सोडा. पाणी खारवट असेल तर या ओलीच्या कडेला पांढरी रेघ उमटते, ते क्षार. बी त्या रेघेवर नको, आतल्या बाजूला टोका.

मल्चिंग पेपर (वाफा झाकायचे प्लास्टिक) घालणार असाल तर २५ ते ३० मायक्रॉनचा घ्या आणि चंदेरी बाजू वर ठेवा. भोकाभोवती माती दाबायला विसरू नका. ती मोकळी राहिली तर आतली गरम वाफ नेमकी तिथूनच बाहेर पडते आणि कोवळ्या रोपाचा बुंधा भाजून निघतो. उसाचे पाचट हाताशी असेल तर मला तेच आवडते: फुकट आहे, जमीन गार ठेवते आणि पुढे खत होते. वाळवीचा त्रास असलेल्या रानात मात्र जपून.

पेरणीची वेळ प्रत्येक भागाची वेगळी. निफाड पट्ट्यासारख्या थंड भागात जानेवारीत वेलवर्गीयांचे बी नुसते पडून राहते. तिथे थंडी ओसरू द्या. पठारावर जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीअखेर हा काळ चांगला. मार्चच्या मध्यानंतर लावलेली काकडी आणि दोडका फुलोऱ्यावर येतात ते ऐन उन्हाच्या तडाख्यात. उष्णतेने नर फुले वाढतात, मादी फुले घटतात, आणि मग वेल हिरवागार पण फळ नाही अशी गत होते.

कारली-दोडक्याच्या बियांचे कवच टणक असते. बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून ओल्या गोणपाटात बांधून ठेवा. मोड दिसले की टोका. पाकिटातले रंगीत, औषध लावलेले बी मात्र भिजवू नका. वाणांत काकडीसाठी हिमांगी, कारल्यासाठी फुले ग्रीन गोल्ड, कोकणात कोकण तारा, गवारीसाठी पुसा नवबहार हे जुनेजाणते आहेत.

भेंडीत परभणी क्रांती आणि अर्का अनामिका आल्या तेव्हा हळद्या म्हणजे शिरा पिवळ्या पाडणाऱ्या रोगाला दाद देत नव्हत्या. आता तेवढा भरवसा राहिलेला नाही. हा रोग पांढरी माशी पसरवते आणि उन्हाळा तिला मानवतो. त्यामुळे पहिल्या महिन्यात शिरा पिवळ्या पडलेले झाड दिसले की लगेच उपटा, माया करू नका. पिवळे चिकट सापळे रोपांच्या शेंड्याच्या उंचीवर लावा. पश्चिमेच्या बांधाला मक्याच्या दोन-तीन ओळी पंधरा दिवस आधी टाका, गरम वारा अडतो.

वेलांना फुले लागताच फळमाशीसाठी क्यू-ल्यूरचे (नर माशीला ओढणारे आमिष) सापळे टांगा, एकरी ५ तरी. डंख झालेली फळे बांधावर फेकू नका, खोल पुरा. बांधावर त्यातूनच पुढची पिढी उडते. फवारणी करावीच लागली तर संध्याकाळी करा, सकाळी मधमाश्या फुलांवर असतात.

भेंडीची तोडणी पेरणीनंतर साधारण दीड महिन्याने सुरू होते. मग एक दिवसाआड तोडा. उन्हाळ्यात दोन दिवस राहिली की ती जरड होते आणि अडत्याकडे तिला कुणी विचारत नाही. मे संपता संपता पीक थकले की पेपर गोळा करून रानाबाहेर काढा, तुकडे मातीत जाऊ देऊ नका. आणि त्याच वाफ्यांवर खरिपाची मिरची घ्यायची असेल तर वळवाच्या पावसानंतर वाफसा येताच सरीतली माती चढवून त्यांची उंची फूटभर करून घ्या.