मेंदूचा रक्तप्रवाह आणि प्रथिननिर्मिती: मोजताना आणि अर्थ लावताना या चुका टाळा

मेंदूला रक्त कमी पडलं की सर्वांत आधी काय बंद पडतं? बहुतेक जण ‘ऊर्जा’ असं उत्तर देतात आणि पुढचा सगळा हिशेब तिथेच चुकतो. आधी थांबते ती प्रथिननिर्मिती.

रॅटच्या मेंदूच्या कॉर्टेक्समध्ये (बाहेरच्या थरात) दर ग्रॅमला मिनिटाला साधारण १ मिलि रक्त फिरतं. मधली सेरेब्रल धमनी बंद केली आणि प्रवाह ०.५५ मिलिच्या आसपास आला, की प्रथिननिर्मिती निम्म्यावर येते. ०.३५ च्या खाली ती जवळपास ठप्प होते. एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, मात्र सुरुवातीच्या तासांत ०.२० पर्यंत टिकून असतं. म्हणजे मध्ये एक पट्टा असा असतो, जिथे पेशीत इंधन आहे पण रायबोसोम (प्रथिनं जोडणारी यंत्रं) काम करत नाहीत. यालाच पेनम्ब्रा म्हणतात. वेळेत रक्त पोहोचलं तर वाचण्याची आशा इथेच असते. म्हणून ऑटोरेडिओग्राफीतला (किरणोत्सारी खुणेने घेतलेल्या प्रथिननिर्मितीच्या चित्रातला) फिकट भाग पाहून ‘ऊतक मेलं’ असं लिहू नका. शेजारच्याच काचपट्टीवर एटीपीचं चित्र घ्या आणि दोन्ही एकावर एक ठेवून पाहा.

हे आकडे कायमचे समजणंही चूक. प्रथिननिर्मितीचा उंबरठा तासांनुसार फारसा हलत नाही, पण एटीपीचा उंबरठा वर सरकत जातो आणि पट्टा अरुंद होतो. कोणत्या तासाला मोजलं हे सांगितलं नाही, तर आकड्याला अर्थ उरत नाही.

माणसाच्या बाबतीत तर हे आकडे थेट वापरूच नका. माणसाच्या मेंदूचा सामान्य सरासरी प्रवाहच १०० ग्रॅमला मिनिटाला सुमारे ५० मिलि असतो. रॅटचे ०.५५ म्हणजे त्याच एककात ५५. तोच उंबरठा माणसाला लावला तर निरोगी माणूसही आजारी ठरेल! तुलना करायचीच असेल तर सामान्य प्रवाहाच्या टक्केवारीत करा, आणि तीही जपून.

आता प्रयोगशाळेतल्या चुका. ल्युसिन किंवा मेथिओनिन या अमिनो आम्लांची किरणोत्सारी खूण टोचली तरी ती पोहोचवणार रक्तच. प्रवाह कमी तर खूणही कमी पोहोचते, आणि निर्मिती आहे त्यापेक्षा कमी दिसते. दुसरीकडे, पेशीतली प्रथिनं मोडून सुटलेलं बिनखुणेचं ल्युसिन खूण पातळ करतं. त्यामुळे फक्त रक्तरसातली खूण मोजून चालत नाही. ऊतकातल्या मुक्त ल्युसिनची विशिष्ट सक्रियता (ल्युसिनच्या ठरावीक मात्रेमागे किती किरणोत्सार) मोजून दुरुस्ती करा, आणि ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाने काचपट्ट्या धुऊन न गुंफलेलं ल्युसिन काढून टाका. प्युरोमायसिनची पद्धत (हे औषध नव्या प्रथिनसाखळीत गुंफलं जातं आणि ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनं वेगळी करून प्रतिपिंडाने दाखवणाऱ्या पडद्यावर, दिसतं) सोपी वाटते, पण रक्तातून पोहोचण्याची अडचण तिलाही तशीच आहे. प्युरोमायसिन न दिलेल्या प्राण्याची पट्टी प्रत्येक ब्लॉटवर हवीच.

सर्वांत महाग पडते ती नमुना गोठवायला लागलेली दिरंगाई. डोकं धडावेगळं करणं हाच पूर्ण इस्केमिया, म्हणजे रक्तपुरवठा बंद होणं, आहे. मिनिटभरात एटीपीचा मोठा भाग संपतो. भूल दिलेल्या प्राण्याच्या कवटीवर फनेल बसवून द्रव नायट्रोजन ओता, आणि मेंदू वितळू न देता −२० अंशांच्या पेटीत कापा. प्रथिननिर्मिती सुरू करणाऱ्या इआयएफ-२ अल्फा या घटकाचं फॉस्फोरिलीकरण (त्यावर फॉस्फेट बसणं) पाहायचं असेल तर अर्क काढायच्या द्रावणात ५० मिलिमोलर सोडियम फ्लोराइड आणि २५ मिलिमोलर बीटा-ग्लिसरोफॉस्फेट घाला. नाहीतर फॉस्फेट काढून टाकणारी फॉस्फेटेझ तुमचा बँड पुसून टाकतील. सोबत एकूण इआयएफ-२ अल्फाचा ब्लॉटही घ्या.

रक्त परत सुरू झालं की प्रथिननिर्मितीही सुरू होते, हा समज फार खोलवर रुजला आहे. प्रत्यक्षात खरी अडचण तिथूनच सुरू होते. पूर्ण इस्केमियात प्रथिनसाखळीची वाढच गोठते, म्हणून पॉलिसोम (एकाच आरएनएवर ओळीने बसलेले रायबोसोम) अखंड दिसतात. ते पाहून ‘निर्मिती चालू आहे’ असं वाचू नका. रक्त परतल्यावर ते मोडतात, कारण मुख्यतः पर्क हे किनेज इआयएफ-२ अल्फाच्या ५१ व्या सेरिनवर फॉस्फेट बसवतं, त्याला पुन्हा कामाला लावणारं इआयएफ-२बी अडकतं आणि नवी सुरुवात होत नाही. काही तासांत हे फॉस्फोरिलीकरण उतरतं. तरीही हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूच्या स्मृतीशी संबंधित भागाच्या) सीए-१ भागात निर्मिती सावरत नाही. म्हणजे एकच खूण पाहून निकाल देणं घातक.

हिप्पोकॅम्पसचेच सीए-३ आणि डेन्टेट हे भाग सावरतात, सीए-१ च्या चेतापेशी मात्र २ ते ४ दिवसांत मरतात. अख्खा हिप्पोकॅम्पस एकत्र कुटला तर हा फरक सरासरीत बुडून जातो. भाग वेगळे काढा. तसंच आरएनए वाढला म्हणून प्रथिन वाढलं असं मानू नका. एचएसपी-७० या ताणात पेशीला जपणाऱ्या प्रथिनाचा एमआरएनए (प्रथिनाचा संदेश वाहणारा आरएनए) सीए-१ मध्ये भरपूर तयार होतो, पण प्रथिन फारसं बनत नाही.

शेवटी तापमान. गुदद्वारातलं ३७ अंश पाहून निर्धास्त राहू नका. रक्त थांबलं की मेंदू स्वतंत्रपणे थंड होतो, आणि २-३ अंशांची घटही त्याला बरंच संरक्षण देते. कानशिलाच्या स्नायूत दुसरा प्रोब बसवा आणि डोक्याला वेगळी ऊब द्या, रक्त परतल्यानंतरच्या पहिल्या तासांतही.